अँटिलॉक ब्रेक, जुन्या मोटारींतील : काढणे व बदलणे

जोराने ब्रेक दाबल्यावर चाक जागीच आवळले जाऊन रस्त्यावर घसरत जाऊ नये, यासाठी चाकांकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलचा दाब सेकंदात अनेक वेळा कमीजास्त करणाऱ्या यंत्रणेला अँटिलॉक ब्रेक किंवा रूढ संक्षेपाने एबीएस म्हणतात. चाक फिरत असेल तरच स्टिअरिंगचा उपयोग होतो. ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही अडथळा चुकवता यावा, हा तिचा मुख्य हेतू. १९८० व १९९० च्या दशकांतील गाड्यांमध्ये ही यंत्रणा आता वयोमानाने बिघडू लागली आहे, मूळ सुटे भाग दुर्मीळ झाले आहेत. अशा गाडीच्या मालकापुढे तीन वाटा असतात : दुरुस्ती, यंत्रणा काढून टाकणे किंवा नंतरच्या पिढीची बसवणे. शेवटच्या दोन्ही वाटांवर मूळ प्रश्न एकच असतो, तो म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांत ब्रेकबलाची वाटणी यापुढे कोण करणार.

पूर्वेतिहास : चाक आवळू न देणारी डनलॉप कंपनीची मॅक्सारेट ही यांत्रिक प्रणाली आधी विमानांसाठी होती. १९६६ च्या जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत ती वापरली गेली. अमेरिकेत क्रायस्लरने १९७१ च्या इम्पीरियलमध्ये चारही चाकांसाठी इलेक्ट्रॉनिक प्रणाली दिली. बॉश कंपनीची प्रणाली १९७८ मध्ये मर्सिडीझ-बेंझच्या एस-क्लासमध्ये (डब्ल्यू ११६) आली आणि आजच्या एबीएसची वंशावळ तिच्यापासून धरली जाते.

रचना : चाकाबरोबर फिरणारी दातेरी कडी, तिच्यासमोरचा वेगमापक सेन्सर, नियंत्रक आणि विद्युत् व्हॉल्व्हचा ठोकळा हे चार भाग सर्वत्र असतात. काढण्या-बदलण्याच्या दृष्टीने दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. पहिल्यात (उदा., बॉश २एस) नेहमीचा व्हॅक्यूम बूस्टर व मास्टर सिलिंडर जागेवर असतात आणि व्हॉल्व्हचा ठोकळा त्यांच्या पुढे नळ्यांमध्ये बसवलेला असतो. दुसऱ्यात बूस्टर, मास्टर सिलिंडर व एबीएस हे सगळे एकाच संचात असते.

दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे जर्मनीच्या आल्फ्रेड टेव्हेस कंपनीची मार्क २ प्रणाली. १९८५ च्या युरोपीय फोर्ड स्कॉर्पिओत (ब्रिटनमध्ये ग्रॅनाडा) ती सर्व श्रेणींत दिलेली होती. ‘साब ९०००’ आणि सुरुवातीच्या ‘फोक्सवॅगन कोरॅडो’ या गाड्यांतही ती आढळते. हिच्यात व्हॅक्यूम बूस्टर नसतोच. विजेवर चालणारा पंप ब्रेक ऑइल दाबून नायट्रोजनभरल्या गोलाकार साठवणीत भरतो. दाब सुमारे १४० बारपर्यंत उतरला की पंप सुरू होतो व सुमारे १८० बारला बंद होतो. दाब सुमारे १०५ बारच्या खाली गेला की धोक्याचे दिवे लागतात. पुढच्या चाकांना मास्टर सिलिंडरमधून दाब मिळतो, मागच्यांना थेट या साठवणीतून. त्यामुळे पंप बंद पडून साठवण रिकामी झाली, तर एबीएस जाऊन भागत नाही : मागचे ब्रेक नाहीसे होतात आणि पुढचे केवळ पायाच्या जोरावर चालवावे लागतात. दर एक-दोन वेळा पेडल दाबताच पंप गुणगुणू लागणे हे गोळ्यातला नायट्रोजन निघून गेल्याचे लक्षण होय, आणि तिथेच लक्ष दिले तर पंप वाचतो. नळी सोडण्यापूर्वी इग्निशन बंद ठेवून पेडल किमान वीस वेळा दाबून साठवण रिकामी करणे अनिवार्य आहे. एरवी शंभराहून अधिक बार दाबाचे ऑइल थेट अंगावर उडते. हा संच काढायचा झाल्यास व्हॅक्यूम बूस्टर, योग्य व्यासाचा मास्टर सिलिंडर, पेडलची जोडणी आणि इंजिनकडून निर्वाताची नळी असे सगळेच नव्याने उभे करावे लागते. कोरॅडोच्या नंतरच्या आवृत्त्यांत कंपनीने स्वतःच व्हॅक्यूम बूस्टर असलेली टेव्हेस ०४ प्रणाली स्वीकारली. तिचे भाग त्याच कुळातील असल्याने हा बदल तुलनेने सुरक्षित ठरतो.

काढण्याआधीची तपासणी : एबीएसचा दिवा लागला म्हणजे मुख्य ठोकळा गेला, असे नव्हे. बिघाड पुष्कळदा चाकाजवळ सापडतो. अ‍ॅक्सलवर दाबून बसवलेल्या दातेरी कडीच्या खाली गंज साचतो, फुगतो आणि कडीला तडा पाडतो. तडा गेलेल्या जागी दोन दात्यांतले अंतर वाढते. नियंत्रकाला तेवढ्यापुरते चाक थबकल्यासारखे वाटते आणि गाडी अगदी थांबायच्या बेतात असताना, कोरड्या रस्त्यावरही, पेडल पायाखाली थरथरते. अशा वेळी दिवा लागेलच असे नाही. जुने सेन्सर चुंबकीय असतात. अनेकांचा रोध एक किलोओहमच्या आसपास भरतो, आणि चाक हाताने फिरवल्यावर त्यांत अल्प प्रत्यावर्ती विद्युत्‌दाब दिसला पाहिजे. १९९० च्या दशकातील, ठोकळ्यालाच जोडलेल्या नियंत्रकांमध्ये उष्णता व कंपनांमुळे आतले सांधे सुटतात. ते पुन्हा जोडता येतात. ठोकळ्याच्या आतील गंजाचे मूळ बहुधा न बदललेल्या ब्रेक ऑइलमध्ये असते. ते हवेतील ओलावा शोषते, म्हणून दोन वर्षांनी बदलावे. सिलिकोनयुक्त डॉट ५ ऑइल एबीएसच्या गाडीत वापरू नये.

काढणे : ठोकळा काढून नळ्या सरळ जोडल्या की काम झाले, हा समज घातक आहे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे सरकतो. गुरुत्वमध्य ५५ सेंमी. उंचीवर, आसांमधील अंतर २५० सेंमी. आणि उभ्या स्थितीत दोन्ही आसांवर समान भार असलेली गाडी घेतली, तर ०.८ जी इतक्या मंदनाला एकूण वजनाच्या सुमारे १८ टक्के भार पुढे जातो व मागच्या आसावर ३२ टक्के उरतो. ओल्या रस्त्यावर ०.४ जी मंदनाला मागे ४१ टक्के राहतो. म्हणजे योग्य वाटणी रस्त्यागणिक बदलते. पुढची चाके आधी आवळली गेली तर गाडी वळत नाही, पण सरळ जाते. मागची आधी आवळली गेली तर ती गरकन फिरते आणि सामान्य चालकाला सावरायला वेळच मिळत नाही. बिनएबीएसच्या गाडीत मागचा दाब मर्यादित ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह असतो. एबीएसच्या काही गाड्यांत तो नसतो आणि नंतरच्या पिढ्यांत तर ते काम नियंत्रकच करतो. ठोकळ्याबरोबर ती मर्यादाही निघून जाते.

बाजारात मिळणारा, कळीने फिरवायचा एकेरी व्हॉल्व्ह हा सर्रास सुचवला जाणारा उपाय. पुढची दोन चाके एका मार्गावर व मागची दोन दुसऱ्यावर असतील तिथे तो चालतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत मात्र मार्ग तिरपे असतात : पुढचे डावे व मागचे उजवे एकावर, उरलेली दोन दुसऱ्यावर. तिथे हा एक व्हॉल्व्ह बसवायचा तर मागच्या दोन्ही नळ्या एकत्र कराव्या लागतात, आणि मग एक नळी फुटली की दोन्ही मार्ग रिकामे होतात. अशा गाडीत दुहेरी व्हॉल्व्हच हवा. त्याच मॉडेलची बिनएबीएस आवृत्ती विकली गेली असेल तर तिचा मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्ह व नळ्या जशाच्या तशा घेणे हाच भरवशाचा मार्ग. भारतात एबीएस सक्तीचे होण्यापूर्वी वरच्या श्रेणीत ते व खालच्या श्रेणीत नाही अशी मॉडेले भरपूर विकली गेल्याने तो शक्यही असतो. काम झाल्यावर मोकळ्या, ओल्या जागेत कमी वेगाने चाचणी घ्यावी व कोणते चाक आधी थांबते हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाने पाहावे.

बदलणे : नव्या नियंत्रकाला दात्यांची संख्या, सेन्सरचा प्रकार, टायरचा घेर व गाडीचे वजन हे सर्व त्याच्या मूळ गाडीशी जुळणारे लागते. पंप ऑइल परत मागे ढकलत असल्याने मास्टर सिलिंडरही ते सोसणारा हवा. स्थिरता-नियंत्रण असलेल्या संचांना स्टिअरिंगच्या कोनाची व गाडीच्या वळण्याची माहितीही पुरवावी लागते. बीएमडब्ल्यूच्या ई३६ पिढीतील शर्यतीच्या गाड्यांत ई४६ ची टेव्हेस एमके ६० प्रणाली बसवतात. बॉश खास शर्यतींसाठीही एबीएस संच बनवते.

परिणाम : सैल खडी किंवा ताज्या बर्फावर आवळलेले चाक पुढे ढीग साचवते, त्यामुळे तिथे एबीएसने थांबण्याचे अंतर वाढू शकते. म्युनिकमधील टॅक्सींच्या गाजलेल्या अभ्यासात एबीएसमुळे अपघात म्हणण्यासारखे घटले नाहीत. चालक अधिक बेदरकार होतात, हे त्याचे स्पष्टीकरण वादग्रस्त आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २००९ च्या अहवालानुसार मोटारींच्या प्राणघातक अपघातांवरील निव्वळ परिणाम शून्याच्या जवळ होता. रस्ता सोडून जाण्याचे अपघात वाढले, तर पादचाऱ्यांना बसणाऱ्या धडका व ओल्या रस्त्यावरील टकरी घटल्या. एकूण अपघातांत मोटारींपुरती सुमारे ६ टक्के घट दिसली.

कायदा : भारतात नव्या मोटार-मॉडेलांना १ एप्रिल २०१८ पासून व आधीच्या मॉडेलांच्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. वाहनातील बदलांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लागू होते.