मक्याचे कणीस : धान्याचा प्रवास आणि पाकविधीचा प्रवास

एखादे धान्य एका खंडातून दुसऱ्या खंडात गेले असे इतिहासग्रंथ सांगतात, तेव्हा बहुधा बियाण्याचा प्रवासच अभिप्रेत असतो. ते धान्य शिजविण्याची, भाजण्याची, दळण्याची रीत त्याच्याबरोबर गेली की मागेच राहिली, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. वास्तविक धान्य हे वनस्पतिशास्त्राचा विषय असले, तरी अन्न हा संस्कृतीचा विषय होय. मक्याच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. ह्या धान्याचे बीज सोळाव्या शतकात अल्पावधीत जगभर पसरले; परंतु ज्या विधीमुळे ते मूळभूमीत संपूर्ण अन्न ठरले होते, तो विधी समुद्र ओलांडू शकला नाही. ह्या एका त्रुटीची किंमत युरोप व उत्तर अमेरिका ह्यांतील गोरगरिबांनी पुढे दोनशे वर्षे मोजली. भारतात मात्र मक्याच्या कणसाला आधीपासून तयार असलेली एक जागा मिळाली. ती कोणती, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

(१) मूळभूमी

मक्याचा पूर्वज म्हणजे मेक्सिकोतील तेओसिंते नावाचे रानगवत, हे आता सर्वमान्य झाले आहे. जॉर्ज बीडल ह्यांनी १९३९ साली हे मत आग्रहाने मांडले, तेव्हा त्यास मोठा विरोध झाला होता. पुढे आनुवंशिक संशोधनाने ह्या मतास पुष्टी दिली आणि नैऋत्य मेक्सिकोतील बाल्सास नदीचे खोरे हे मक्याच्या लागवडीचे उगमस्थान ठरले. त्याच खोऱ्यातील शिहुआतोश्त्ला येथील शैलाश्रयात सुमारे ८,७०० वर्षांपूर्वीचे मक्याचे सूक्ष्मावशेष आढळले. ओआहाका प्रांतातील गिला नाकित्स गुहेतील कणसे सुमारे ६,२५० वर्षांपूर्वीची आहेत. ती इतकी लहान आहेत की आजच्या कणसाशी त्यांचे नाते प्रथमदर्शनी ध्यानातही येऊ नये.

मध्य मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेत मक्याला एकच एक शब्द नाही, ही गोष्ट इतिहासकाराने लक्षात घेण्याजोगी आहे. दाणे भरण्यापूर्वीचे अगदी कोवळे कणीस ते ‘शिलोत्ल’. दुधाळ दाण्यांचे, भाजून वा उकडून खाण्याजोगे ते ‘एलोत्ल’. पक्व होऊन वाळलेले ते ‘सेंत्ली’. आणि कणसापासून सुटे केलेले दाणे ते ‘त्लाओल्ली’. कोवळ्या कणसाची देवता शिलोनेन ही स्वतंत्र, तर पक्व मक्याचा देव सेंतेओत्ल हा स्वतंत्र. ज्या समाजाने एका पिकाच्या अवस्थांना इतकी नावे दिली, त्याने प्रत्येक अवस्थेला निराळा पाकविधीही दिला असणार, हे उघड आहे. पेरू देशातही असाच भेद दिसतो. गार्सिलासो दे ला वेगा ह्याने १६०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भाजलेला मका व उकडलेला मका ह्यांना केचुआ भाषेत वेगवेगळी नावे असल्याचे नोंदले आहे. हिरव्या कणसाला तेथे आजही ‘चोक्लो’ हा वेगळा शब्द आहे.

उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागातील मस्कोगी, चेरोकी आदी जमातींत कोवळ्या मक्याचा वार्षिक उत्सव असे. तो पार पडेपर्यंत नव्या पिकाचे कणीस कोणी तोंडास लावीत नसे. जुना अग्नी विझवून नवा चेतविणे आणि अपराधांची क्षमा करणे हे त्या उत्सवाचे भाग होते. आपल्याकडील नवान्नाच्या विधीशी परिचित असलेल्या वाचकास ह्याचे मर्म निराळे सांगावयास नको.

पक्व मक्याचा विधी मात्र सर्वस्वी वेगळा होता. वाळलेले दाणे चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवावयाचे, मग धुऊन, टरफल काढून, पाट्यावर ओले वाटावयाचे. राख व पीठ ह्या अर्थांच्या दोन नाहुआत्ल शब्दांवरून ह्या विधीला ‘निश्तामल’ हे नाव पडले. ह्या क्रियेने टरफल सुटते, पिठाला चिकटपणा येतो व त्याची पोळी थापता येते. परंतु त्याहूनही मोठा लाभ डोळ्यांना दिसणारा नव्हता. पक्व मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व बद्ध स्वरूपात असते व शरीरास फारसे मिळत नाही. चुन्याच्या संस्काराने ते मोकळे होते.

(२) नावांचा गोंधळ

नोव्हेंबर १४९२ मध्ये कोलंबसाच्या माणसांनी क्यूबा बेटावर मका पाहिला. ‘मेझ’ हा युरोपीय शब्द तेथील ताइनो लोकांच्या भाषेतून आला. त्यानंतर मका इतक्या वेगाने फिरला की अर्ध्या शतकातच त्याचे मूळ लोक विसरले. लिओनहार्ट फुक्स ह्याने १५४२ च्या वनस्पतिग्रंथात त्यास ‘तुर्की धान्य’ म्हटले. इटालियन भाषेत ते नाव आजही रूढ आहे. तुर्क लोक मात्र त्यास ‘मिसिर’, म्हणजे मिसर देशाचे, म्हणतात. आणि मिसरात ते ‘शामी’, म्हणजे सीरियाकडचे, ठरते. प्रत्येकाने ते शेजाऱ्याकडून घेतले आणि शेजाऱ्याचेच मानले. आपल्या ‘मका’, ‘मक्का’ ह्या शब्दांचा संबंध मक्केच्या यात्रामार्गाशी जोडला जातो. ती व्युत्पत्ती निर्णायक मानता येत नसली, तरी ह्याच मालिकेत ती शोभून दिसते.

दक्षिणेतील नावे अधिक बोलकी आहेत. कानडीत ‘मुसुकिन जोळ’ म्हणजे बुरखा घातलेली ज्वारी. तेलुगूत ‘मोक्कजोन्न’ आणि तमिळमध्ये ‘मक्काच्चोळम्’ ह्यांतही ज्वारीवाचक पद आहेच. म्हणजे नव्या धान्याची ओळख ज्वारीच्या आधारे पटविली गेली, आणि कणसावरचे पानांचे आवरण हाच त्याचा विशेष ठरला. पोर्तुगीज कागदपत्रांतील ‘मिल्यु’ हा शब्दही बाजरी, ज्वारी, मका ह्या सर्वांस लावलेला असल्यामुळे केवळ त्या शब्दावरून मक्याचे अस्तित्व सिद्ध होत नाही. आईन-इ-अकबरीच्या पिकवार कोष्टकांत मका नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे (१८९१–१९६१) ह्यांनी इ. स. १५०० नंतरच्या साधनांतून मक्याच्या भारतीय इतिहासाचा जो मागोवा घेतला, तो ह्या क्षेत्रातील अभ्यासाचा पाया होय.

(३) सोमनाथपूरचा वाद

कोलंबसापूर्वीच भारतात मका होता काय, हा प्रश्न मधूनमधून उपस्थित होतो. स्टोनर व अँडरसन ह्यांनी १९४९ साली आसामच्या डोंगराळ भागातील मक्याच्या विशिष्ट जातींवरून तसे सुचविले. मँगल्सडॉर्फ व ऑलिव्हर ह्यांनी १९५१ साली त्याचे खंडन केले. १९८९ साली योहानसेन व पार्कर ह्यांनी हा वाद शिल्पांच्या आधारे पुन्हा उभा केला. म्हैसूरजवळील सोमनाथपूरच्या केशव मंदिरात (इ. स. १२५८) व अन्य होयसळ मंदिरांत काही मूर्तींच्या हाती दाणेदार, निमुळती वस्तू आहे. तिच्यावरील दाण्यांच्या रांगा व प्रमाणे पाहता ती मक्याचे कणीसच होय, असे त्यांचे प्रतिपादन. पायक व सचान ह्या भारतीय मका-शास्त्रज्ञांनी १९९३ साली ते अमान्य केले. ती वस्तू मोत्यांनी मढविलेले काल्पनिक ‘मुक्ताफळ’ असावी, असे त्यांचे मत आहे.

ह्या वादात पाकेतिहासाची साक्ष घेतली गेली पाहिजे. देवतेच्या हाती देण्याइतके प्रतिष्ठित धान्य समाजाच्या ताटात अदृश्य राहणे संभवत नाही. त्याला नाव हवे, ऋतू हवा, भाजण्याउकडण्याची रीत हवी. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात अन्नाचे अत्यंत विस्तृत वर्णन आहे. परंतु मका म्हणून निश्चित ओळखता येईल असे धान्य त्यात नाही. उलट दक्षिणी भाषांनी मक्याला ज्वारीचे नाव उसने दिले. जुन्या, पूजनीय धान्याच्या वाट्यास उसने नाव येत नाही. केवळ शिल्पसाम्यावर उभारलेला सिद्धान्त येथे दुबळा ठरतो.

(४) हुरड्याची जागा

मका नवा होता. पण कोवळे कणीस विस्तवावर भाजून खाण्याची रीत भारतात नवी नव्हती. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ ह्या वैद्यकग्रंथात गवताच्या जाळावर भाजलेल्या अर्धपक्व शेंगाधान्याला ‘होलक’ आणि तशाच भाजलेल्या जव-गव्हाच्या अर्धपक्व लोंबीला ‘उंबी’ म्हटले आहे. मराठीतील ‘ओंबी’ हा शब्द ह्याच कुळातला. महाराष्ट्रातील ज्वारीचा हुरडा व सुरतेकडील पोंक ही त्याच परंपरेची रूपे होत. शेतात आगटी पेटवावी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे खुपसावी, भाजलेले कणीस तळहातावर चोळून दाणे पाखडावे आणि चटणी-गुळाबरोबर गरम गरम खावे, हा हुरड्याचा क्रम सर्वपरिचित आहे.

मक्याचे कणीस ह्या तयार चौकटीत सहज बसले. तथापि त्याने दोन फरक घडविले. हुरडा हिवाळ्याचा, तर मका खरिपाचा. त्यामुळे पावसाळ्याच्या ओल्या दिवसांत निखाऱ्यावर भाजलेले कणीस हा नवाच योग जुळून आला. दुसरे असे की, हुरडा हातावर चोळून सुटा करावा लागतो. मक्याचा दाणा मोठा व कणसाला घट्ट धरलेला असल्यामुळे तो दातांनीच टिपून खाल्ला जातो. म्हणून हुरड्याला शेत व सोबत लागते, मक्याच्या कणसाला केवळ एक शेगडी पुरते. गावशिवेवरचे हे खाणे शहराच्या रस्त्यावर आणि समुद्रकिनाऱ्यावर आले, त्याचे कारण कणसाच्या ह्या रचनेत आहे.

त्यावर चोळावयाच्या मीठ, तिखट व लिंबू ह्या त्रयीचा इतिहासही उद्बोधक आहे. मिरची ही मक्यासारखीच अमेरिकेची. लिंबू मात्र आशियाचे. ते स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत नेले. आज मेक्सिकोतील रस्त्यावर आणि मुंबईच्या चौपाटीवर भाजलेल्या कणसावर तिखट व लिंबू सारखेच पडते. ही रीत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेली असे मानण्याचे कारण नाही. दोन्ही खंडांनी परस्परांची द्रव्ये घेतली व स्वतंत्रपणे एकाच चवीला पोहोचले. माळव्यात, विशेषतः होळकरांच्या इंदुरात, कोवळी कणसे किसून दुधात शिजविलेला ‘भुट्ट्याचा कीस’ मराठी घरांतही रुळला.

(५) मागे राहिलेला विधी

वाळलेल्या मक्याची गोष्ट निराळी. युरोपात तो गव्हाप्रमाणे, भारतात ज्वारीप्रमाणे कोरडाच दळला गेला. जाते व चक्की असलेल्या समाजांना ओल्या वाटणाची गरज भासली नाही. भारतात पानाला लावण्याचा चुना घरोघरी होता. तो धान्याला लागू शकतो ही कल्पना मात्र कोणी आणली नाही. ज्या स्त्रिया हा विधी जाणत होत्या, त्यांना विचारावे असे बियाणे नेणाऱ्यांना वाटले नाही.

परिणाम भीषण झाला. स्पेनच्या अस्तुरिआस प्रांतात गास्पार कासाल ह्या वैद्याने १७३५ साली मकाभक्षक शेतकऱ्यांतील एका त्वचारोगाचे वर्णन केले. १७७१ साली मिलान येथे फ्रापोल्ली ह्याने त्यास ‘पेलाग्रा’ हे नाव दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत तो साथीसारखा पसरला. तो संसर्गजन्य नसून आहारदोषजन्य आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर ह्यांनी १९१५ च्या प्रयोगांनी दाखविले. आणि १९३७ साली एल्व्हेजेम ह्यांनी निकोटिनिक आम्लाचा उपाय सिद्ध केला. मेक्सिकोतील स्त्रिया जे पाट्यावर सहस्रावधी वर्षे करीत होत्या, त्याचे कारण प्रयोगशाळेत सापडण्यास १९३७ साल उजाडावे लागले.

दख्खनचा अनुभवही येथे नोंदला पाहिजे. हैदराबादच्या परिसरात पेलाग्रा ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत आढळला, आणि ज्वारीतील ल्यूसिनच्या आधिक्याशी गोपालन व श्रीकांतिया ह्यांनी १९६० साली त्याचा संबंध जोडला. म्हणजे दोष एका धान्याचा नव्हे. दुसरे काही ताटात येऊ न देणाऱ्या दारिद्र्याचा आहे. कोवळ्या मक्याच्या दाण्यात नायसिन पक्व दाण्याहून अधिक मोकळे असते, हेही लक्षात घ्यावे. हंगामात आवडीने खाल्लेल्या कणसाने कोणास रोगी केले नाही. वर्षभर नाइलाजाने खाल्लेल्या कोरड्या पिठाने केले.

(६) उपसंहार

गोड मक्याच्या आधुनिक जातींनी, म्हणजे १९०२ चा ‘गोल्डन बँटम’ आणि १९५३ साली लॉफनन ह्यांनी पुढे आणलेल्या अतिगोड वाणाने, कणसाची चव पुन्हा पालटली. परंतु मूळ प्रश्न चवीचा नाही. मक्याच्या इतिहासातून दिसते ते असे की, धान्य जेथे जुन्या पाकपरंपरेत बसले तेथे ते आनंदाचे अन्न झाले. आणि जेथे ते आपल्या विधीवाचून गरिबाचे एकमेव अन्न झाले तेथे ते रोगाचे कारण ठरले. पिकांच्या इतिहासात बियाण्याबरोबर चुलीचाही शोध घेतला पाहिजे, तो ह्यासाठीच.