शाब्दिक वर्तन

माणूस एखादा शब्द कोणत्या परिस्थितीत उच्चारतो आणि त्या उच्चाराने त्याच्या पदरात काय पडते, यांवरून भाषेचा उलगडा करणारी मानसशास्त्रीय उपपत्ती. अमेरिकन वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांनी ती ‘व्हर्बल बिहेवियर’ (१९५७) या ग्रंथात मांडली. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात दडलेला असतो, हे गृहीतक तिने नाकारले.

१९३४ मध्ये हार्वर्डमधील एका भोजनप्रसंगी स्किनर तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांच्यापुढे वर्तनवादाची बाजू मांडत होते. टेबलावर या क्षणी काळा विंचू पडत नाही असे मी म्हणालो, तर माझ्या बोलण्याचे कारण कसे सांगाल, असे व्हाइटहेड यांनी विचारले. स्किनर यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच आराखडा लिहायला घेतला. ग्रंथ मात्र २३ वर्षांनी प्रसिद्ध झाला.

साधक अभिसंधानाच्या प्रयोगात उंदीर कळ दाबतो आणि अन्न मिळाल्यामुळे ती क्रिया बळावते, हेच प्रबलन. बोलण्याला हे प्रबलन दुसऱ्या माणसाकरवी मिळते. तहानलेले मूल ‘पाणी’ म्हणते आणि आई पेला पुढे करते. आईने असे करावे, हे तिला तिच्या भाषक समाजानेच शिकवलेले असते. ऐकणाऱ्याला दिलेले हे स्थान उपपत्तीचा गाभा आहे. टीकाकारांचे त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

स्किनर यांनी उच्चारांचे प्रकार त्यांच्या कार्यावरून पाडले. वरील ‘पाणी’ ही मागणी. तिला ते ‘मँड’ म्हणतात. तहान नसताना धरणाकडे बोट दाखवून मूल ‘पाणी’ म्हणाले, तर तो ‘टॅक्ट’, म्हणजे समोरच्या वस्तूचा निर्देश. बाईंच्या मागोमाग म्हटलेले, फळ्यावरचे वाचलेले आणि ‘मासा कशात राहतो?’ याला उत्तर म्हणून आलेले ‘पाणी’ ही आणखी वेगळी वर्तने होत. शब्द एकच असला तरी प्रत्येकाची कारणे निराळी असतात. बोलणारा स्वतःच्या बोलण्याविषयीही ऐकणाऱ्याला काही कळवतो. ‘पाऊस येणार म्हणे’ यातील ‘म्हणे’मुळे ही बातमी ऐकीव असल्याचे समजते. अशा घटकांना स्किनर यांनी ‘ऑटोक्लिटिक’ हे नाव दिले आणि व्याकरणही त्यांच्याच आधारे समजावू पाहिले. ग्रंथाची सर्वांत कच्ची बाजू हीच.

भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात ग्रंथाचे विस्तृत परीक्षण केले. प्रयोगशाळेत उद्दीपक (वर्तनाला चालना देणारी गोष्ट), प्रबलन या संज्ञा काटेकोर असतात. रोजच्या बोलण्याला लावल्या की त्या केवळ अलंकारिक उरतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप. चित्र पाहून कोणी ‘डच’ म्हणेल, कोणी भिंतीच्या कागदाशी ते जुळत नसल्याचे सांगेल. उद्दीपक कोणता, हे उत्तर ऐकल्यावरच ठरणार असेल तर भाकीत कसले? शिवाय मुले कधीही न ऐकलेली वाक्ये बोलतात. केनेथ मॅककोर्कोडेल यांनी १९७० मध्ये सविस्तर उत्तर दिले, पण तोवर भाषाविज्ञानाने स्किनर यांच्याकडे पाठ फिरवली होती. वाक्यरचनेपुरता चॉम्स्की यांचा आक्षेप आजही भक्कम आहे. न शिकवलेल्या ज्ञानाच्या प्रश्नावर मात्र पुढे प्रयोग झाले. मरी सिडमन यांनी १९७१ मध्ये तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या एका मुलाला ऐकलेल्या शब्दाशी छापील शब्द जुळवायला शिकवले. ऐकलेल्या शब्दाचे चित्र तो आधीच ओळखत असे. त्यानंतर छापील शब्द आणि चित्र यांची जोडी त्याने आपली आपण लावली.

उपपत्तीची खरी किंमत कळते ती जिथे बोलणे अडते तिथे. स्वमग्न मुलाला चित्रातला चेंडू ओळखून नाव सांगता येते, पण हवा असताना तो मागता येत नाही. ‘शब्द येतो’ एवढ्यावर थांबणाऱ्या शिक्षकाला हे कोडे वाटते. निर्देश आणि मागणी वेगळ्या मानणाऱ्याला पुढे काय शिकवायचे ते कळते. म्हणून आवडती वस्तू दिसेल पण हाती लागणार नाही अशी ठेवून, मुलाला ती हवीशी झाली की मागणी शिकवतात.

हीच दृष्टी अशाब्दिक वर्तनालाही लागू झाली. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या मुलांचे वर्तन निरनिराळ्या परिस्थितींत तपासले. डोके आपटणे एकासाठी लक्ष वेधण्याचे साधन ठरते, तर दुसऱ्यासाठी नकोशा कामातून सुटण्याचे. त्यामुळे सर्वांना एकच उपाय चालत नाही. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये चार मुलांना अशा वर्तनाऐवजी बोलायला शिकवले. काम अवघड गेल्यामुळे बिथरणाऱ्याला ‘मला समजत नाही’ हे सांगून मदत मिळवता येऊ लागली; लक्ष हवे असणाऱ्याला आपले काम नीट चालले आहे का, हे विचारता येऊ लागले. शिकवलेले वाक्य मुलाच्या गरजेशी जुळले तेव्हा त्रासदायक वर्तन झपाट्याने घटले. न जुळणारे वाक्य शिकवल्यावर ते तसेच राहिले.