चप्पल हातात, चप्पल पायात

दिवाळीच्या बोनसातून कोल्हापुरी चप्पल घेतली. सूतगिरणीत आठ तास उभं राहायचं तर रबरी स्लीपरच बरी. पण मनात होतं, एकदा घ्यायचीच. कोल्हापुरात जन्मलो आणि पायात कोल्हापुरी नाही, हे कसलं जिणं!

शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनमध्ये गेलो. दुकानदार म्हणाला, "बघा पावणं, ओरिजिनल हाय. आपली परंपरा हाय." चौदाशे रुपये मोजले. परंपरा पिशवीत घातली आणि घरी आलो.

आजीनं बघितली आणि म्हणाली, "भायेर ठेव ती."

मला वाटलं चामड्याचा वास येतोय म्हणून. तसं नव्हतं. तिचा सासरा, म्हणजे माझा पणजा, त्याच्याकडं आयुष्यात एकच जोड होता. महारवाड्यातनं निघताना पायात. वाड्यासमोरनं जाताना हातात. गावाची वेस ओलांडली की परत पायात. "चप्पल न्हाई झिजली, त्येचं पाय झिजलं," आजी म्हणाली. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, चिखलात, फुफाट्यात, चप्पल हातात धरून माणूस अनवाणी चाललाय. दोस्तांनो, परंपरा म्हणतात ती ही.

आणि चप्पल पहिल्याच दिवशी चावली. अंगठ्याच्या बुडाला फोड, टाचेला सोलटलं. कोल्हापुरी अशीच असते. तिच्यात खिळा नाही. तळ, टाच, कान, पट्टा, अंगठा, सगळं कातडंच, आणि शिवण कातड्याच्याच वादीनं. कातडं झाडपाल्यावर कमावलेलं, म्हणून आधी लाकडासारखं ताठ. तेल लावायचं, घरातल्या घरात थोडं थोडं चालायचं, फोड सोसायचा. मग हळूहळू पायाचा आकार घेते. एकदा घेतला की दुसऱ्या कुणाच्या पायाला ती होत नाही.

चावली म्हणून विचार सुरू झाला, नाहीतर झाला नसता.

हे कातडं आलं कुठनं? मेलेलं जनावर गावाबाहेर ओढायचं काम महाराचं. कातडं कमवायचं काम ढोराचं. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, मग कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं पाणी भरून टांगायची. दिवसचे दिवस ते पाणी झिरपत राहतं. मग चांभार. रापी, आरी आणि बसकूर. वेणी घालायचं, गोंडा करायचं काम बहुतेक घरातल्या बायकांचं, त्यांचं नाव तर कुठंच नाही. तिघंही गावकुसाबाहेर. पण ओढणाऱ्यापेक्षा कमवणारा वरचा आणि कमवणाऱ्यापेक्षा शिवणारा वरचा. एका चप्पलेत आख्खी उतरंड शिवलेली. आणि जो घालून मिरवणार तो सगळ्यांच्या वर. हाताला विटाळ, मालाला नाही!

आमच्या भाषेत दमही हिनंच देतात, "कोल्हापुरी पायताण काढू का?" मारायच्या वस्तूची एवढी कीर्ती. शिवणाऱ्याची नाही.

याच शहरात शाहू महाराजांनी १९०२ साली पन्नास टक्के जागा मागासलेल्यांना राखून ठेवल्या. १९१८ साली महारांचं वतन मोडलं. चप्पल लाईनपासून जवळच भाऊसिंगजी रोडला गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं आणि महाराज स्वतः तिथं चहा प्यायले. १९२० साली माणगावला बाबासाहेबांना पुढारी म्हणून त्यांनीच लोकांसमोर उभं केलं. संस्थानाबाहेर मात्र महारांचं वतन कायद्यानं जायला १९५८ साल उजाडावं लागलं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आमच्या बापजाद्यांनी ते सोडलं आणि ओढणंही सोडलं. उपाशी राहिले पण सोडलं. त्याचा मला अभिमान आहे.

पण एक गोष्ट टोचते, ती याच पानांवर लिहायला पाहिजे. आम्ही कातडं सोडलं, तसे कातड्यातले लोकही सोडले. बाबासाहेबांनी सोडले नव्हते. बहिष्कृत हितकारिणी सभेत त्यांच्याबरोबर काम करणारे सीताराम नामदेव शिवतरकर चांभार समाजाचे. १९४८ साली अस्पृश्यांवरचं इंग्रजी पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास, चोखामेळा या तिघांना अर्पण केलं. आणि आम्ही? जयंतीची वर्गणी मागायला सुभाषनगर, जवाहरनगरच्या गल्लीत आमचा किती जणांचा पाय पडतो?

२०१५ साली महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. कातड्याची टंचाई झाली, ती या गल्ल्यांना भोवली. आम्ही मोर्चा काढला नाही. २०१६ च्या जुलैत गुजरातेत उन्याला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना बांधून मारलं. तिथल्या आपल्या लोकांनी मेलेली जनावरं सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं टाकली. त्याच्या घोषणा मात्र आम्ही जोरात दिल्या. उना लांब होतं म्हणून सोपं गेलं काय?

मग २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाराष्ट्रातले चार जिल्हे, कर्नाटकातले चार. नोंदणी दोन सरकारी महामंडळांच्या नावावर. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा कंपनीनं हीच चप्पल रंगमंचावर चालवली, कोल्हापूरचं नाव न घेता. बोंब झाली. तेव्हा ज्यांनी बापजन्मी चांभारवाड्यात पाय ठेवला नव्हता, तेही म्हणाले, "आमची संस्कृती चोरली." काही वकील मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं त्यांनाच विचारलं, तुमचा संबंध काय? नोंदणीचे मालक येतील. डिसेंबरात त्या दोन महामंडळांशी कंपनीचा करार झाला, २,००० जोड, एकेक सुमारे ८०० युरोला. प्राडानं कोल्हापूरचं नाव गाळलं. गावानं चांभाराचं नाव कधी घेतलं होतं?

फोड काही बसेना. शेवटी चप्पल घेऊन सुभाषनगरात गेलो. एक म्हातारा कारागीर ओट्यावर बसलेला. भिंतीवर रोहिदासांची तसबीर. त्यानं अंगठा पाण्याच्या हातानं ओला केला, आत लाकूड घालून ताणला, वरनं मोगरीनं हळू हळू ठोकला.

"केवड्याला घेतलीस?"

"चौदाशेला."

तो हसला. "आमच्याकडनं पाचशेला उचलत्यात. चामडं आता चेन्नईचं. पोरगं एमायडीसीत जातंय, ह्यात बसत न्हाई." मग मान वर न करता म्हणाला, "कुनाचा रं तू?"

मी म्हणालो, "जय भीम मामा."

हात थांबला. जरा वेळानं म्हणाला, "जय भीम. तुमची पोरं हिकडं येत न्हाईत."

मला उत्तर सुचलं नाही. कवितेत लई सुचतं. पैसे विचारले तर म्हणाला, "राहू दे. आठ दिसांनी ये, दुसरा पाय बी सैल करून देतो."

हा अंक छापून झाला की एक प्रत घेऊन जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर रविवारी सकाळी.