छावणीतली फ्रेंच भाजणी

आमच्या गावाला नावांची ददात कधी पडली नाही. १६१० साली मलिक अंबरानं इथं राजधानी थाटली तेव्हा ती खडकी होती. त्याच्या मुलानं तिचं फतेहनगर केलं, औरंगजेबानं १६५३ मध्ये औरंगाबाद केलं आणि २०२३ साली ती छत्रपती संभाजीनगर झाली. खाम नदीच्या या अंगाला राहणारे आम्ही मात्र जन्मलो छावणीत, शिकलो छावणीत आणि पेन्शनही छावणीतच खातो. लोखंडी पूल ओलांडला की आम्ही ‘गावात जाऊन येतो’ म्हणतो. चार पिढ्या झाल्या, अजून गाव ते पलीकडचंच.

ही छावणी इंग्रजी अमदानीतली. निजामाच्या पैशानं पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवलेली कंटिंजंट फौज इथं असे. १८५७च्या जूनमध्ये तिच्यातल्या घोडेस्वारांनी उठाव केला, तोही इथंच. पण इतिहासाचा मास्तर म्हणून एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात ठासून सांगत असे. इंग्रजांच्या आधी या गावात फ्रेंच येऊन बसले होते. १७५१ साली बुसी नावाचा फ्रेंच सेनानी तीनेकशे गोरे आणि दोनेक हजार शिपाई घेऊन, सलाबतजंगाला गादीवर नीट बसवण्यासाठी, पार पाँडिचेरीकडून इथवर आला. पोरं वहीत ‘बशी’ लिहीत. मी चालवून घेत असे. परीक्षेत कपापेक्षा बशी बरी.

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात बैलापासून सुईपर्यंत सगळं मिळतं. फ्रेंच वाइन तेवढी मिळत नाही. ती आमच्या भाच्यानं आणली. तो दोन वर्षं नोकरीसाठी फ्रान्समध्ये होता. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातली तांबडी वाइन, वय जेमतेम दीड वर्ष.

“घरात देव आहेत,” आमच्या हिनं पहिला ठराव मांडला.

“मामी, ही दारू नव्हे, वाइन आहे.”

“मग परवाना कशाला लागतो?” शेजारचे सुभेदारसाहेब म्हणाले. ते निवृत्त आहेत, पण कायदा निवृत्त होऊ देत नाहीत. दारूबंदीचा कायदा १९४९चा आणि अजून जिवंत. सुभेदारसाहेबांचा परवाना खिशात, प्लास्टिकच्या पाकिटात. माझाही निघाला होता. भाच्यानं आधीच कागद केले होते. उरला देवांचा प्रश्न. तो देवघराचा पडदा ओढून सुटला.

चैत्राचे दिवस, बाहेर चाळीसच्या वर पारा. ही वाइन सोळा-सतरा अंशांवर प्यायची असते म्हणे. तेव्हा बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली. उन्हाळ्यात मराठवाड्यातला पाहुणा जसा ठेवतात तशीच. मग ती पन्ह्याच्या काचेच्या जगात ओतली. तरण्या वाइनला थोडी हवा लागली की तिचा हट्ट कमी होतो, असं भाचा म्हणाला. (हा उपाय इतर तरुणांवरही करून पाहायला हरकत नाही.)

पहिली परीक्षा रंगाची. पांढऱ्या टॉवेलवर पेला तिरपा धरायचा आणि कडेकडे बघायचं. कड जांभळट असेल तर वाइन कोवळी आणि विटकरी झाली तर उतारवयाची. आमची कड चांगली जांभळी होती. भाच्यानं सांगितलं की तांबड्या द्राक्षांचाही रस बहुतेक पांढुरकाच असतो. सगळा रंग सालीचा, साल रसात भिजत ठेवतात म्हणून येतो. इतकी वर्षं द्राक्षं खाऊन हे कधी लक्षात आलं नव्हतं.

दुसरी परीक्षा वासाची. भाच्यानं पेला गरागरा फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटून म्हणाला, “लाल फळं, मिरी, किंचित चामडं.”

“चामड्याचा वास येतो त्याचे पैसे देतात?” सुभेदारसाहेब. “माझे जुने बूट बघा.”

ही वाइनच्या थेंबाला शिवणार नव्हती, पण वासाला बंदी नव्हती. तिनं लांबूनच हुंगलं. “फोडलेली जांभळं. वर मिरपूड.” भाचा चाटच पडला. फ्रान्समध्ये हे शिकायला लोक फी भरतात, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडं मसाल्याचा डबा उघडता आला की झालं.

पण ही तिथंच थांबली नाही. वाइन एका द्राक्षाची नसून तीन जातींची मिळून केली आहे, हे कळल्यावर तिनं विचारलं, “म्हणजे भाजणी?” अगदी भाजणीच! ग्रेनाश हे तांदळासारखं. मऊपणा त्याचा, गोडवा त्याचा आणि अंगात मद्य भरपूर. सिरा रंग आणि मिरीचा झणका देते. मूर्वेद्र म्हणजे उडीद. थोडंच घालायचं, पण सगळ्याला धरून ठेवतं ते. एखाद्या साली एक जात बिघडली तर दुसरीनं सांभाळून घ्यायचं. कोणत्या वर्षी कशाचं माप किती, हे त्या घराण्याच्या हातात. आमच्या सासूबाईंची भाजणी अशीच होती. प्रमाण विचारलं की ‘अंदाजानं’ म्हणायच्या.

तिसरी परीक्षा चवीची. घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. पारखी लोक दिवसाला पन्नास-पन्नास वाइन तपासतात, गिळून कसं चालेल? सुभेदारसाहेबांनी या कलमाला जागीच विरोध नोंदवला. मी घोट घेतला. पहिल्यांदा जांभूळ, मग आंबटपणा आणि मग जिभेवर, हिरड्यांवर, गालांच्या आतून असा तुरटपणा पसरला की तोंडात कच्चं केळं कोंबल्यासारखं झालं. सालीतलं नि बियांतलं टॅनिन ते. इंग्रजीत या चवीबद्दल पारखी मंडळी पानं भरभरून लिहितात. आपल्याकडं सहा रसांत ‘कषाय’ म्हणून तिला बसायला पाट आहे, रोजच्या बोलण्यात ‘तुरट’ आहे, आवळा आहे, सुपारी आहे, जास्त उकळलेला चहा आहे.

तुरट असणं हा कोवळ्या वाइनचा दोष नव्हे. बघायचं एवढंच की तुरटपणाच्या खाली फळ आहे का, आंबटपणा स्वच्छ आहे का आणि घोट गेल्यावर चव किती वेळ रेंगाळते. मी मनात आकडे मोजले. आठपर्यंत होती. सुभेदारसाहेबांची बारापर्यंत गेली, पण त्यांनी थुंकली नव्हती.

“हे लोणचं चौथ्या दिवशीच काढलंय,” हिचा निकाल. “मुरायला हवं.”

खरं होतं. दोन-तीन वर्षांत हे टॅनिन आपोआप नरमतं. घाई असेल तर मांस खावं. सुभेदारसाहेबांनी गावातून नान-खलिया आणला होता. पहिल्या घासानंतरचा घोट खरोखरच शहाण्यासारखा वागला, मात्र तर्रीच्या तिखटानं वाइन जरा जास्तच भडकली. “पोरगं चांगल्या घरचं आहे,” सुभेदारसाहेब म्हणाले, “पण रिक्रूट आहे. दोन वर्षं परेड करू द्या.” याहून चांगला अभिप्राय पुढं मला कुठल्या छापील पानावर सापडला नाही.

मग त्यांनी मला खिंडीत गाठलं. “सर, एवढा इतिहास शिकवलात. आपल्या गावात कधी द्राक्षाची दारू होती का?”

द्राक्षं तर होतीच. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हा त्यानं इथल्या द्राक्षांचं आणि डाळिंबांचं कौतुक लिहून ठेवलं. वर्षातून दोनदा फळ येतं म्हणाला. पण खायचं द्राक्ष वेगळं नि वाइनचं वेगळं. वाइनचं बारीक, जाड सालीचं, बियांनी भरलेलं. असलं द्राक्ष बाजारात आणलं तर गिऱ्हाईक परत फेकेल. ती लागवड महाराष्ट्रात खऱ्या अर्थानं वाढली ती २००१च्या सरकारी धोरणानंतर, आणि तीही मुख्यतः नाशकाकडं.

दारूचं म्हणाल तर आमच्या इतिहासातला सगळ्यांत गाजलेला पेला हा न प्यायलेला पेला आहे. शाहजादा औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर येताना बुऱ्हाणपूरला थांबला. तिथं हिराबाई जैनाबादी नावाच्या गायिकेवर त्याचं मन बसलं. ‘मआसिर-उल-उमरा’ या फारसी ग्रंथात हकीकत आहे. एकदा तिनं मद्याचा पेला त्याच्या हातात दिला आणि पी म्हणून हट्ट धरला. हा विनवण्या करतोय, ती ऐकत नाही. शेवटी त्यानं पेला ओठापाशी नेला, तेवढ्यात तिनंच तो काढून घेऊन पिऊन टाकला. तुझं तोंड कडू करायचं नव्हतं, तुझं प्रेम पाहायचं होतं, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. ती लवकरच वारली आणि औरंगाबादेत मोठ्या तळ्याकाठी तिला पुरलं.

“बाई हुशार,” ही म्हणाली.

ही हकीकत आपल्यापर्यंत पोचली तीच एक हकीकत आहे. ग्रंथकार शाहनवाजखान वाढला औरंगाबादेतच. निजामाच्या मुलानं बापाविरुद्ध बंड केलं, हा मुलाच्या बाजूला गेला, बंड फसलं आणि याला पाच-सहा वर्षं घरी बसावं लागलं. त्या सक्तीच्या रजेत त्यानं मुघल अमीर-उमरावांची चरित्रं लिहायला घेतली. पुढं तो सलाबतजंगाचा दिवाण झाला आणि त्याचं बुसीशी वाकडं आलं. मे १७५८ मध्ये तो फ्रेंचांच्या पहाऱ्यात कैद होता. त्या वेळी बुसीच्या दिवाणाचा खून झाला आणि उसळलेल्या दंग्यात यालाही ठार मारलं. घर लुटलं गेलं, कागद नाहीसे झाले.

ते शोधले त्याच्या मित्रानं. गुलाम अली आझाद बिलग्रामी हा अरबी-फारसीचा मोठा कवी पाणचक्कीच्या तकियात राहत असे. लुटीत तलवारी, गालिचे, भांडी यांना गिऱ्हाईक असतं, अर्धवट लिहिलेल्या कागदांना नसतं. तरी हा माणूस महिनोन् महिने चौकशी करत राहिला, मिळालेली पानं लावत बसला, वर मित्राचं चरित्रही लिहून जोडलं. नंतर खानाच्या मुलानं त्यात आणखी भर घातली. आझाद खुलदाबादला पुरला आहे आणि औरंगजेबही तिथंच. दौलताबादेच्या वाटेनं घाट चढून जाताना हंगामात सीताफळंवाले बसलेले असतात. सुभेदारसाहेब म्हणतात, एकदा जाऊन आझादमियाँना सलाम ठोकून येऊ.