खानदेशची दप्तरे आणि ती जपणारे हात

चाळीसगावजवळील पाटण येथे देवीच्या मंदिरात शके ११२८ चा एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेव राजाने त्यास दान दिले, असा त्याचा आशय. लेखाचा मोठा भाग संस्कृतात असला तरी अखेरच्या काही ओळी जुन्या मराठीत आहेत, आणि व्यापारी मंडळींनी त्या आवर्जून समजून घ्याव्यात अशा आहेत. पाटणच्या पेठेत जो माल विक्रीस येई, त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिल्याची नोंद तीत आहे. तेलाच्या घाण्यांमागे पळीपळी तेल द्यावे, असेही कोरलेले आहे. ग्रहगणिताचे पाठ जेथे चालत, तेथील दिवा घाण्याच्या तेलावर जळत असे!

हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला तो मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, १८६५ च्या सुमारास. पुढे १८८० साली सरकारने खानदेशचे गॅझेटिअर प्रसिद्ध केले. त्यात पिके, भाव, नद्या, जाती, गावे यांची माहिती विपुल आहे व आजही उपयोगी पडते. परंतु ती राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी गोळा केलेली माहिती होय. दगड टिकतो, सरकारी छापील ग्रंथही टिकतो. प्रश्न होता तो घराघरांतील माळ्यांवर आणि मठांच्या कोनाड्यांत वाळवीच्या हवाली झालेल्या बाडांचा.

या प्रश्नाला हात घातला धुळ्याच्या नागरिकांनी. शंकर श्रीकृष्ण देव हे तेथील वकील. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे त्यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मिळविण्याचे व्रत घेतले. डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत त्यांनी शोधली आणि तिच्या आधारे १९०५ मध्ये दासबोध छापून काढला. मठामठांतून आणलेल्या पोथ्यांसाठी पुढे धुळ्यात श्री समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. समर्थांच्या हस्ताक्षरातील वाल्मीकि रामायण तेथे आहे. मूर्तीऐवजी ग्रंथांचे मंदिर, ही कल्पना शास्त्रभांडारांची परंपरा असलेल्या समाजास नवीन वाटणार नाही.

याच नगरीत इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे काढली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. एकंदर खंड बावीस झाले. कागद मिळविण्यासाठी गावोगाव पायपीट करावी, स्वहस्ते रांधून खावे, दप्तराच्या मालकाची मनधरणी करावी, असा त्यांचा क्रम. राजवाडे हे जुळवून घेणारे गृहस्थ नव्हते, हे मात्र मान्य केले पाहिजे. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात ते अग्रभागी होते, पण त्याच मंडळाशी त्यांचे पुढे बिनसले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा मागे संसार नव्हता, पैसा नव्हता. होते ते कागद.

एकट्याने मिळविलेले एकट्याबरोबर जाते. येथे तसे घडले नाही. भास्कर वामन भट आदी चाहत्यांनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापिले आणि तो संग्रह सार्वजनिक केला. ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय, ‘संशोधक’ हे त्रैमासिक, असा पसारा वाढत गेला. राजवाड्यांचे विखुरलेले लेखन समग्र साहित्याच्या रूपाने याच मंडळाने प्रकाशित केले. त्याचे संपादन प्रा. मु. ब. शहा यांनी केले. ज्याला मंडळात राहणे जमले नाही, त्याचे काम मंडळानेच तारले.

१९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच आजचे जळगाव आणि धुळे. १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. कचेऱ्यांची वाटणी झाली तरी जुने कागद काही या सीमा पाळीत नाहीत. धरणगावच्या उधारीची नोंद धुळ्याच्या पेढीवर सापडावी आणि फैजपूरच्या रंगाऱ्याचे येणे चोपड्याच्या वहीत निघावे, हे व्यापाराच्या स्वभावास धरूनच आहे.

आणि येथेच एक उणीव जाणवते. पोथ्या जपल्या गेल्या, सनदा व पत्रे जपली गेली. रोजकीर्द-खतावण्यांचा विचार फारसा झाला नाही. वस्तुतः कापसाचा भाव, व्याजाचा दर, हुंडीची मुदत, कोणत्या महिन्यात कोणत्या वाणाचे लुगडे खपले, हे सारे व्यापाऱ्याच्या वहीत तिथीवार मिळते. १८७२ चा पांझरेचा पूर किंवा संवत १९५६ चा, मारवाडी कुटुंबांत ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ, सरकारी नोंदींत आकड्यांनी कळतो. वहीत तो बुडीत खात्यांच्या नावांनी कळतो. कोणाला सूट दिली आणि कोणावर दावा लावला, हेही तीत उघड असते. वह्या बाहेर द्यावयास घरे कचरतात, ती बहुधा याचसाठी.

शिवाय बऱ्याच वह्या मोडीत वा महाजनी लिपीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून गेली. आजोबांची सही ओळखता येते, पण सहीवरचा मजकूर वाचता येत नाही, अशी अनेक घरांची स्थिती आहे. वही देऊन टाकावयाची नसेल तर तिची छायाचित्रे तरी काढता येतात. पाने क्रमाने, बांधणी न उसवता, पुठ्ठ्यावरील संवत व गावाच्या नावासह. यंदाच्या दिवाळीपूर्वी माळे झाडले जातील, तेव्हा लाल पुठ्ठ्यांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या तराजूत पडण्याआधी एवढे काम एका दुपारचे आहे.