रोमचे श्रीमंत पुत्र, ग्रीक आचार्य आणि कार्ल्याचे स्तंभ

विद्या कोणी द्यावी, ती कोणाला मिळावी आणि तिचा भार कोणी वाहावा, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून समाजाची खरी परीक्षा होते. प्राचीन रोम आणि आपली सह्याद्रीतील लेणी यांना ही कसोटी लावून पाहणे उद्बोधक ठरेल.

इ.स.पू. 155 मध्ये अथेन्सने कार्नेआडीस, डायोजेनीस आणि क्रिटोलाउस या तीन तत्त्वज्ञांना राजदूत म्हणून रोमला पाठविले. रोमन तरुण त्यांच्या व्याख्यानांनी भारावून गेले. वृद्ध केटोला मात्र धास्ती वाटली आणि या पाहुण्यांना लवकर परत पाठवावे, असा आग्रह त्याने धरला. तरीही पुढे ग्रीक तत्त्वज्ञान हे रोमन उच्चकुलीनांच्या शिक्षणाचे अंग बनले. सिसेरो इ.स.पू. 79 मध्ये अथेन्सला जाऊन शिकला. इ.स.पू. 45 मध्ये त्याने आपला पुत्र मार्कस यास तेथेच क्रॅटिप्पस या आचार्याकडे धाडले आणि रोममधील घरांच्या भाड्यातून त्याच्या खर्चाची तरतूद केली.

ग्रीक परंपरा सर्वस्वी श्रीमंतांची होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एपिक्युरसच्या उद्यानात स्त्रिया व दास यांनाही स्थान होते. एपिक्टेटस हा स्वतः दास होता. पुढे तो निकोपोलिस येथे थोर आचार्य झाला. परंतु रोमन धनिकांच्या घरी वेतनावर राहणाऱ्या ग्रीक पंडिताची अवस्था केविलवाणी असे. इ.स.च्या दुसऱ्या शतकातील ल्युशियन या लेखकाने तिचे बोचरे चित्र रेखाटले आहे. तेथे ज्ञान हे घराची शोभा होते आणि आचार्य हा धन्याचा आश्रित.

आता आपल्याकडे वळू. अथेन्सचे तत्त्वज्ञ रोमला गेले, साधारण त्याच काळात वायव्य भारतात मिनँडर हा ग्रीक राजा राज्य करीत होता. पालि वाङ्मयातील मिलिंद तो हाच. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथानुसार, राजाने संवादाची इच्छा व्यक्त केली तेव्हा भदंत नागसेनांनी अट घातली: पंडितांप्रमाणे बोलणार असाल तर बोलू, राजांप्रमाणे बोलणार असाल तर नाही. पंडित आपली चूक दाखविली असता रागावत नाहीत. राजे मात्र विरोध करणाऱ्यास दंड करतात. मिलिंदाने ही अट मान्य केली. सत्ता बाजूला ठेवल्याशिवाय ज्ञानाचे द्वार उघडत नाही, हा या प्रसंगाचा अर्थ आहे.

पनवेलहून बोरघाट चढून गेले की कार्ल्याचे लेणे लागते. तेथील चैत्यगृहाच्या अनेक स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांची दाने कोरलेली आहेत. हे यवन जन्माने ग्रीक होते की काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण ते दाते होते, याविषयी शंका नाही. त्यांच्याच शेजारी गंधविक्रेता सिंहदत्त, सुतार सामी आणि भिक्खुणी यांचीही नावे आढळतात. रायगड जिल्ह्यात कुडा येथे माळ्याचे दान आहे. उषवदाताने कार्ल्याच्या भिक्खूंसाठी गाव दिले, हे खरे. परंतु केवळ राजकुलाच्या कृपेवर ही लेणी उभी राहिली नाहीत. अनेक हातांनी संघाला आधार दिला, म्हणूनच कोणा एका धनिकाला त्यावर मालकी सांगता आली नाही.

विनयाच्या नियमांनुसार दास व ऋणी यांना प्रव्रज्या मिळत नसे, ही मर्यादा लपविण्याचे कारण नाही. मात्र नापित उपालीला त्याच्या शाक्य स्वामींच्या आधी प्रव्रज्या मिळाली आणि त्यांनी त्याला वंदन केले, हेही विनयपिटकच सांगते. जन्मावर आधारलेल्या उच्चनीचतेला संघाने दिलेले हे उत्तर होते.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय सुरू केले. त्यास पुढे मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्याच्या परिसरास नागसेनवन म्हटले गेले. ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांची मुले तेथे शिकली. प्रश्न विचारणारा राजा आणि निर्भय आचार्य ही दोन्ही नावे त्या विद्यार्थ्यांसमोर ठेवण्यात आली. आज शिक्षण पुन्हा पैशाच्या मापाने मोजले जात असताना, कार्ल्याच्या लेण्यातील सुताराचे आणि भिक्खुणीचे नाव आपण विसरता कामा नये. विद्येची वास्तू सर्वांच्या दानाने उभी राहिली, तरच तिचे द्वार सर्वांसाठी उघडे राहते.