मानधन : एका शब्दाची आणि एका दराची कुळकथा

'मानधन' हा समास संस्कृत काव्यात बहुव्रीही म्हणून येतो आणि मान हेच ज्याचे धन आहे अशा मानी पुरुषाचे वर्णन करतो; भारवीच्या 'किरातार्जुनीया'त दुर्योधनाच्या योद्ध्यांना हे विशेषण लावलेले आहे. आधुनिक मराठीत तो शब्द माणसाला सोडून रकमेला लागला आणि व्याख्याता, परीक्षक किंवा लेखक यांना श्रमाचे मोल न ठरवता आदरापोटी दिलेले द्रव्य, असा त्याचा अर्थ रुळला. ज्याचा चरितार्थ अन्यत्र चालतो त्याच्या बाबतीत हा अर्थ निर्धोक असतो. सरकारी योजनांतून घरोघरी आरोग्यसेवा पोहोचवणाऱ्या माणसांच्या कमाईलाही जेव्हा हेच नाव मिळाले, तेव्हा मात्र त्याचे स्वरूप पालटले.

2 ऑक्टोबर 1977 रोजी सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य योजनेत गावातील आरोग्यसेवकाला महिना 50 रुपये मानधन ठरले, कारण तो नोकर नसून स्वयंसेवक आहे, अशी त्यामागची धारणा होती. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आलेल्या 'आशा' कार्यकर्तीला आरंभी हे मासिक मानधनही नव्हते. तिच्या वाट्याला कामावर आधारित मोबदला, म्हणजे प्रत्येक नेमून दिलेल्या कामाचा वेगळा दर, आला.

या दरांपैकी एकाचे मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांत प्रशिक्षित 'आरोग्यदूत' स्त्रियांकडून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यामुळे नवजात मृत्युदरात मोठी घट झाल्याचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले, आणि 2011 मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत देशभरातील आशांकडे सोपवली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा व घरी जन्मलेल्या बाळासाठी सात भेटी, म्हणजे बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, त्याला ऊब मिळते का व ते नीट दूध ओढते का हे तपासणे, आणि बेचाळीस दिवसांच्या या साऱ्या कामासाठी 250 रुपये, असा हिशेब ठरला. भेट सहावी असो वा सातवी, रक्कम तीच राहिली, म्हणजे घरी बाळंत झालेल्या बाईकडची अधिकची खेप विनामूल्यच ठरली.

त्याहून बोचणारी बाब त्या वेळच्या अटींत होती. जन्मनोंद, वजनाची नोंद व लसीकरण यांबरोबरच बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघेही सुखरूप असणे ही रक्कम मिळण्याची अट होती. अशक्त बाळासाठी अधिक खेपा घातलेल्या आशेला, ते बाळ दगावल्यास, त्या खेपांचा मोबदला मिळण्याचा आधारच या अटीने काढून घेतला. मोबदला श्रमाचा की फलाचा, हा प्रश्न इथे शब्दच्छलाचा राहत नाही.

2018 मध्ये तीन ते पंधरा महिन्यांच्या बाळांसाठी आणखी पाच भेटी जोडल्या गेल्या, प्रत्येकी 50 रुपये दराने. त्याच वर्षी नित्य कामांसाठीची ठरावीक मासिक रक्कम केंद्राने 1000 वरून 2000 रुपये केली.

शब्दाच्या इतिहासाला खरे वळण अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात मिळाले. 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 1972 च्या उपदान कायद्याचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, लाभ मान्य केला आणि त्यांना दिले जाणारे मानधन त्या कायद्यातील 'वेतन' या व्याख्येत बसते असे ठरवले. तो निकाल आशांविषयी नव्हता.